मी विष प्यायले नव्हते

मी विष प्यायले नव्हते. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा इस्पितळात माझा सहावा दिवस होता. तोवर खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर, पोलिसांच्या वहीत आणि माझ्या आईच्या डोक्यात नेमकं उलटं लिहून झालं होतं.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी ठणठणीत बरी आहे, रोज नोकरीला जाते, जिने चढताना दमत नाही. हे लिहायला बसले त्याचं कारण असं की गेल्या महिन्यात ओळखीच्या एका बाईंनी मला गाठून विचारलं, त्यांच्या बहिणीची मुलगी तशाच खाटेवर आहे, तिच्याशी काय बोलावं? मी रस्त्यात उभ्या उभ्या जे सांगितलं ते पाच मिनिटांत संपलं. घरी आल्यावर वाटलं, बरंच राहून गेलं.

अंधेरीचं ऑफिस, मनोरीची वाडी

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आम्ही कांदिवलीला दोन खोल्यांत राहायचो, अजूनही तिथंच राहतो. बाबा गिरणीत जॉबर होते, खात्यातल्या कामगारांवर देखरेख करायचे. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, तेव्हा ते एका प्लास्टिकच्या कारखान्याच्या गेटवर बसू लागले. मला आईनं हट्टानं कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. त्यामुळे घरी माझं मराठी पुस्तकी वाटायचं आणि शाळेत माझं इंग्रजी घाबरट. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. गप्प मुलगी म्हणून माझं कौतुकही व्हायचं.

अंधेरीला एका एक्स्पोर्ट कंपनीत मी टायपिस्ट होते. कंपनी आखाती देशांत विमानानं भाजी पाठवायची. भेंडी, मिरची, तोंडली. "ताजी, कोवळी, हातानं खुडलेली" हे शब्द मी इंग्रजीत दिवसातून चार वेळा टाइप करायचे. ते हात मी पाहिले नव्हते. खरं तर भेंडीचं झाडही पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत मनोरीच्या वाडीवरचा कारकून काविळीनं पडला. आमचे मॅनेजर दळवी मला म्हणाले, "आठवडाभर तू जा. पेट्या मोजायच्या, लेबलं लावायची, बस. समुद्राची हवा आहे, झकास. सुट्टीच समज."

मार्व्याहून होडीनं पलीकडे जायचं, पुढे टांगा. वाडीवर चाळीसेक माणसं होती, सगळी जव्हारकडची. दिवाळीनंतर घरचं भात झोडून झालं की मुकादम त्यांना ट्रकमधून आणायचा आणि पावसाच्या तोंडावर परत नेऊन सोडायचा. मधले सहा-सात महिने ती वाडीच्या कडेला झावळ्यांच्या खोपटांत राहायची. विहीर एकच. पिण्याचं पाणी तेच, फवारणीच्या पंपात भरायचं तेच.

आखातात जाणारी भेंडी बोटाएवढी लागते. एक दिवस झाडावर जास्त राहिली की ती बाद. म्हणून खुडणी रोज, पहाट फुटली की लगेच, सुट्टी नाही. एकदा एका पेटीत अळी निघाली म्हणून तिकडच्या व्यापाऱ्यानं सगळा माल फेकून दिला होता. 'यापुढे अळी दिसणार नाही' असं वचन देणारं पत्र मीच टाइप केलं होतं. ते वचन कसं पाळतात हे वाडीवर कळलं. दिवसाआड संध्याकाळी औषध मारायचं आणि सकाळी त्याच सऱ्यांत माणसं खुडायला शिरायची.

औषधाच्या डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की फवारल्यावर काही दिवस शेतात जाऊ नये. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं. मुकादमाला विचारलंसुद्धा, अगदी हळू आवाजात, "यावर लिहिलंय की..."

तो हसला. "बाई, भेंडीला वाचता येतं काय? ती थांबते काय?"

मी गप्प बसले.

बाह्या

भेंडीवर बारीक लव असते. दोन दिवस ती निवडून माझे हात कोपरापर्यंत लाल झाले, इतकी खाज की पेन धरवेना. खुडणारे सगळेजण हातात बाह्या घालायचे. जुन्या पॅन्टचे पाय नाहीतर शर्टाचे हात कापून केलेल्या, मनगटाशी आणि दंडाशी नाडीनं बांधलेल्या. कोरड्या कापडातून लव आत शिरते, म्हणून सकाळी त्या बादलीत बुचकळायच्या, पिळायच्या आणि ओल्याच चढवायच्या. ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत.

तिसऱ्या दिवशी सोमीनं माझे हात पाहिले. ती साधारण माझ्याच वयाची, दोन मुलांची आई. एक पाठीशी बांधलेलं, एक बांधावर खेळणारं.

"बाय, हे काय झालंय? नुसता टोमॅटो. थांब." तिनं खोपटातून बाह्यांचा जोड आणला. "माझ्या फाटल्यात. नवऱ्याच्या घे, जाड हायेत. आज त्याला नाय लागायच्या."

"का?"

"झोपलाय. ऊन लागलंय त्याला."

फेब्रुवारीची सकाळ होती आणि मी स्वेटर घालून आले होते. तरीही, कसलं ऊन, हा प्रश्न मला पडला नाही. वाडीवर सगळेच तसं म्हणायचे. दर हंगामात दोघा-चौघांना ऊन लागतं, ती ओकतात, तोंडाला पाणी सुटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग कांद्याचा रस पाजून त्यांना सावलीत निजवतात.

सोमीचा नवरा लहानू पंप मारायचा. डब्यातलं औषध पिंपात ओतून तो ते हातानं ढवळायचा, आणि ढवळताना त्याच्या हातांत याच बाह्या असायच्या. सोमीला ते माहीत होतं, मला नव्हतं. त्यात धोका आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं. तिनं बाह्या पाण्यातून काढल्या आणि कासार बांगड्या भरतो तशा हळूहळू माझ्या हातांवर चढवल्या. दंडाशी गाठ मारून म्हणाली, "आता बघ. मेमसाब दिसतेस."

सकाळी साडेसातपासून दुपारी एकपर्यंत त्या माझ्या अंगावर होत्या. खाज थांबली म्हणून मी खूश होते.

काय प्यायलीस?

परतीच्या होडीत तोंडाला पाणी सुटू लागलं. वाटलं, होडी लागली. मार्व्याला बसच्या रांगेत घामानं ड्रेस पाठीला चिकटला आणि समोरचा बसचा नंबर वाचता येईना. घराच्या पायरीवर मी ओकले. शेजारचे काका रिक्षा घेऊन आले. छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय आणि श्वास आत जात नाही, एवढंच मला त्या प्रवासातलं आठवतं.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरनं माझे डोळे उघडून बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "काय प्यायलीस?"

मी मान हलवली. त्या वेळी माझी मान, हात, पापण्या, सगळंच थडथडत होतं. कोणती हालचाल नकाराची हे त्याला कसं कळणार?

मग त्यानं आईला विचारलं, "घरात काही भांडण? लग्नाबिग्नाचं?"

आदल्या रविवारी मला एक स्थळ बघून गेलं होतं. पाहुणे गेल्यावर आईनं विचारलं, कसा वाटला? मी नेहमीसारखी काही बोलले नाही. आईला ते आठवलं. ती म्हणाली, "हो, म्हणजे... एक स्थळ आलं होतं. ती काहीच बोलली नाही तेव्हापासून."

तेवढं पुरलं. कागदावर लिहिलं गेलं. इस्पितळातल्या पोलिसानं आईकडून तेच पुन्हा उतरवून घेतलं. माझ्या नाकातून नळी घालून पोट धुतलं आणि इंजेक्शनं सुरू झाली.

त्या तरुण डॉक्टरवर माझा राग नाही. इंजेक्शनाला तो अर्धा तास उशीर करता तर मी हे लिहायला नसते. त्यानं जीव वाचवला आणि कागदावर चुकीचं लिहिलं, दोन्ही खरं आहे.

दाराजवळची खाट

बायकांच्या वॉर्डात आमच्यासारख्यांना दाराजवळची खाट देतात, म्हणजे नर्सची नजर राहते. उशीजवळ काचेचा पेलासुद्धा ठेवत नाहीत. मला स्टीलचा मिळाला.

विषावरच्या इंजेक्शनांनी तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटून बसते. सुरुवातीला पाणी द्यायची मनाई होती. शेवंताबाई नावाच्या आया ओला कापूस ओठांवरून फिरवायच्या आणि फिरवता फिरवता रागवायच्या. "एवढं शिकलीस, इंग्रजी शाळेत गेलीस, आणि हे धंदे? ओठ उघड. मेल्यानं लग्नाचं वचन दिलं असेल."

मला मेला कोण हे कळत नव्हतं. त्या औषधानं भासही होतात. चादरीतून हिरवे दोरे निघताहेत आणि ते मोजून पेटीत भरायचे आहेत, असं दोन दिवस मला वाटत होतं. मी ते वेचत बसायचे. कुणाला हे होत असेल तर सांगते, वेड लागत नाही. औषध कमी झालं की दोरे जातात.

चौथ्या दिवशी माझं डोकं जागेवर आलं आणि भेटीच्या वेळी दहिसरची आत्या. ती खाटेवर बसली, माझा हात हातात घेतला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "गो बाय माझ्या, कोण होतो तो? सांग माका. मी कोणाक सांगूचंय नाय."

"कुणी नव्हता गं आत्या."

"तसाच बोलतत सगळी." मग आईकडे वळून, "बघ, अजून नाव काढणा नाय."

मी गप्प राहिले. वाटलं, खरं आपोआप कळेल. ते आपोआप कळत नाही. माझ्या प्रत्येक गप्प दिवसानं कागदावरचं वाक्य पक्कं होत होतं. आई डबा घेऊन यायची, माझे केस विंचरायची, आणि माझ्या डोळ्यांकडे बघायची नाही. एकदा एवढंच म्हणाली, "मला सांगायचं होतंस. नको म्हणाली असतीस तर मी काय मारणार होते तुला?"

माझ्या आईला वाटत होतं की मी तिच्यामुळे मरायला निघाले. आजारपणातला सगळ्यात वाईट क्षण कोणता असं कुणी विचारलं तर छाती आवळली तो नाही, हा.

सहावा दिवस

सोमवारी मोठ्या डॉक्टरबाई राउंडला आल्या. चष्मा कपाळावर, हातात कागद. त्यांनी मला 'का' विचारलंच नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी उठलीस कधी? तिथपासून सांग."

कुणीतरी पहिल्यांदाच सकाळपासून विचारत होतं. मी सांगत गेले. चहा, होडी, टांगा, लेबलं. बाह्यांपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा खाली ओढला. "हात दाखव."

दोन्ही हात मनगटापासून दंडापर्यंत लाल, पापुद्रे सुटलेले. आणि दंडावर, जिथं नाडी बांधली होती, तिथं रेघ मारल्यासारखी लाली संपत होती. इतके दिवस सगळ्यांनी त्याला पुरळ म्हणून सोडून दिलं होतं.

"प्यायल्यावर तोंड भाजतं, घसा भाजतो," बाई मागच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या. "दंड कशाला भाजेल? पोट धुतलं तेव्हा वास आला होता?"

तरुण डॉक्टर म्हणाला, "नव्हता, मॅडम."

"मी विष प्यायले नव्हते," मी म्हणाले. आवाज बेडकासारखा निघाला, पण निघाला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "कातडीतून गेलंय. मी माझं मत लिहीन. पण पोलिसांकडे आईचा जबाब आहे. ते तुझा घ्यायला येतील, तेव्हा तुला बोलावं लागेल. तुझ्याऐवजी मी नाही बोलू शकत."

हाच माझ्या निदानाचा दिवस. त्या दुपारी मी पहिल्यांदा मऊ भात खाल्ला आणि शेवंताबाईंनी माझ्या उशीजवळ काचेचा पेला आणून ठेवला.

दळवींची मोसंबी

मंगळवारी दळवी मोसंबी घेऊन आले. बाबा स्टुलावर बसले होते.

"काळजी करू नकोस, इस्पितळाचं सगळं कंपनी बघेल," दळवी म्हणाले. "फक्त एक कर. वाडीचं नाव कुठं घेऊ नकोस. तुला ताप होता, चक्कर आली, काय ते सांग. चौकशी लागली, तिकडच्या पार्टीला कळलं, तर वाडी बंद. मग ती चाळीस माणसं जातील कुठं? त्यांच्या पोटावर पाय आणशील?"

दळवी वाईट माणूस नव्हते. आमच्याच कोकणातले, कणकवलीकडचे. ते गेल्यावर बाबांनी मोसंबी सोलायला घेतली. बाबा इस्पितळात रोज यायचे आणि जवळजवळ काही बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले.

"गिरणीत कुणाचा हात मशीनमध्ये गेला ना, की पहिली ओळ ठरलेली असायची. कामगार बेसावध होता. मग पुढं काय लिहिलंय ते कुणी वाचायचं नाही." त्यांनी एक फोड माझ्या हातात दिली. "तुझं तू ठरव. मी आहे."

मला भीती नोकरीची नव्हती. भीती सोमीची होती. मी खरं सांगितलं तर पोलीस विचारणार, बाह्या कुणी दिल्या? नाव सोमीचं. उद्या वहीत लिहिलं गेलं की सोमीनं मला विषाचे कपडे घातले, तर ती कुणाला काय सांगणार होती?

समोरच्या वॉर्डात

बुधवारी वाडीवरून लहानूला आणलं. ऊन लागून दोन दिवस झोपलेल्या माणसाच्या पाठीवर मुकादमानं पुन्हा पंप चढवला होता. बायकांच्या वॉर्डासमोर बोळ आणि पलीकडे पुरुषांचा वॉर्ड. गुरुवारी मी भिंत धरत बाहेर आले तेव्हा बोळात सोमी बसलेली दिसली, धाकटं मूल मांडीवर.

मला बघून ती उठलीच. "बाय! तू हितं? आमाला बोलले, तुला होडी लागली, तू काम सोडलंस."

मी तिला हात दाखवले. बाह्यांचं सांगितलं. तिनं माझ्या दंडावरच्या रेघेवर बोट ठेवलं, नाडी जिथं तिनं स्वतः बांधली होती तिथं.

"मंग ते ऊन नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"दोन सालांमागं माझा दीर गेला. तवाही ऊनच बोलले."

मी विचारलं, लहानूचं इथं काय लिहिलंय? ती म्हणाली, मुकादमानं सांगितलंय तेच. बायकोशी भांडला, रागात औषध प्यायला. "तसं नाय बोललीस तर पुढल्या सालाला ट्रकमदी नाव नाय, बोलला. तुमचं बी आणि तुमच्या पाड्याचं बी. मी तर भांडलेच नाय त्याच्याशी. भांडायला वेळ कुठं हाय?"

एवढ्यातही आम्ही दोघी हसलो.

मग मी माझी भीती सांगितली. उद्या माझा जबाब आहे, मला तुझं नाव घ्यावं लागेल, आणि मला ते घ्यायचं नाही.

तिनं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "घे ना. मी बाह्या चोरून दिल्या काय? हात खाजत होते म्हणून दिल्या. तसंच सांग." आणि मग, पुरुषांच्या वॉर्डाकडे बघत, "प्यायला असं लिहिलं तर हा बरा होऊन परत पंपच उचलणार. कुणी बोलेल का त्याला, नको उचलू? बोलतील, तू पिऊ नको म्हणजे झालं."

मी कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढली होती. हे इतकं सरळ मला मांडता आलं नव्हतं.

जबाब

शुक्रवारी हवालदार आले. दमलेले, पोट सुटलेले, बोलायला प्रेमळ. वहीत तीन ओळी आधीच लिहून आणल्या होत्या.

"सही कर पोरी इथं. जास्त काही विचारत नाही. पुढचं आयुष्य आहे तुझं. खरं तर हा गुन्हा आहे, पण पहिलीच वेळ, समज देऊन सोडतील."

"मला वाचायचंय," मी म्हणाले. पण औषधानं डोळ्यांपुढची अक्षरं अजून पसरट दिसत होती, जवळचं काही वाचता येत नव्हतं. "तुम्ही वाचून दाखवा."

"काय?"

"मोठ्यानं. प्लीज."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि भराभर वाचलं, "घरगुती कारणावरून रागाच्या भरात विषारी औषध प्राशन केले..."

"हे खोटं आहे."

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी कण्हणं थांबवलं. शेवंताबाई बादली घेऊन तिथंच उभ्या राहिल्या.

"बरं, मग काय झालं? थोडक्यात सांग."

"थोडक्यात नाही सांगता येणार. तुम्ही बसा."

माझं मराठी तेच पुस्तकी होतं. पण त्या दिवशी ते उपयोगी पडलं, कारण हवालदारांना ते जसंच्या तसं उतरवून घेता येत होतं. मी डबा सांगितला, त्यावर काय लिहिलं होतं ते सांगितलं. ते मी वाचलं होतं आणि पुढे काही बोलले नाही, हेही सांगितलं. कारण ते वगळून बाकीचं सांगणं मला जमेना. बाह्या सोमीनं दिल्या, मायेनं दिल्या, असं सांगितलं.

"मायेनं वगैरे लिहीत नसतात."

"मग 'मदत म्हणून' लिहा. पण लिहा."

त्यांनी लिहिलं. डॉक्टरबाईंचा कागद सोबत जोडला. वही बंद करणार तेवढ्यात आई उठली. इतका वेळ ती खाटेच्या पायथ्याशी पदर धरून उभी होती.

"साहेब, त्या दिवशी स्थळाचं मी बोलले होते. माझ्या मनात आलं ते बोलले. पोरीनं काही केलं नव्हतं. आई चुकली असं लिहा."

"ताई, असं लिहीत नसतात."

"कसं लिहितात ते तुम्हाला ठाऊक. पण लिहा. माझी सही घ्या."

त्यांनी एक ओळ वाढवली. आईनं सही केली, आणि मग सहा... नाही, दहा दिवसांनी माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं.

पुढचं

परिणाम आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. माझी नोकरी गेली. वाडी बंद पडली नाही. कुणीतरी सरकारी माणूस येऊन डबे आणि विहीर बघून गेला, एवढं कानावर आलं. सोमी आणि लहानू हंगाम संपायच्या आधीच जव्हारला परतले, आणि पुढच्या हंगामात मुकादमानं त्यांना खरंच ट्रकमध्ये घेतलं नाही. आता ती दोघं वसईकडे वीटभट्टीवर येतात. ते काम हलकं नाही, पण लहानूच्या पाठीवर पंप नाही. मी त्यांना तिथं दोनदा भेटून आले. माझी नजर महिन्याभरात साफ झाली, हातांना सहा महिने लागले. रविवारचं ते स्थळ पुन्हा आलं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही, आईला थोडं वाटलं.

अशा खाटेवर कुणाची मुलगी, सून, बहीण असेल तर तिला 'का केलंस' असं विचारू नका. सकाळपासून काय काय झालं ते विचारा. ती शेतावर, बागेत, गोदामात, पॅकिंगला जाते का, अंगावर काय घालते, त्या कपड्यांचं काय झालं, हे डॉक्टरांना सांगा. खरंच कुणी प्यायलं असेल तर त्यालाही तुमची गरज आहे, रागवायचं पुढे बघू. आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचायला लावा. ह्याला धीटपणा लागत नाही. माझ्यात तो नव्हताच. एक वाक्य म्हणायचं, आणि समोरच्यानं वाचेपर्यंत थांबायचं.

शनिवार

शनिवारी मला घरी सोडलं. आई औषधं आणायला खाली गेली होती, बाबा कपडे पिशवीत भरत होते. बोळात हवालदारांचा आवाज आला म्हणून मी दारापर्यंत गेले.

लहानूला अजून नीट बोलता येत नव्हतं, म्हणून ते सोमीचा जबाब घ्यायला आले होते. मुकादम हाताची घडी घालून खांबाला टेकून उभा होता. शाईचा पॅड हवालदारांच्या हातात तयार होता.

"हं, अंगठा दे," ते म्हणाले.

सोमीनं हात पदरात घेतले. "काय लिवलंय?"

"तुझ्या माणसानं केलंय तेच," मुकादम म्हणाला. "लाव अंगठा. गाडी थांबलीय."

सोमीनं त्याच्याकडे बघितलं नाही. हवालदारांना म्हणाली, "त्या बायला वाचून दावलं ना तुमी? तसं वाचा."

हवालदारांनी मान वर केली, दारात मला बघितलं आणि सुस्कारा टाकला. "आता काय सगळ्यांनाच वाचून दाखवायचं?"

"तिला तर वाचता येतं," सोमी म्हणाली. "मला नाय येत. मला दोनदा वाचा."

मुकादम काहीतरी बोलायला पुढे सरकला. हवालदारांनी हातानंच त्याला थांबवलं, शाईचा पॅड मिटून खिशात टाकला आणि वही पुन्हा पहिल्या ओळीपासून उघडली.